दोरी सोडण्याची घाई

आमच्या घरात 'उरक' हा माणसाचा सगळ्यात मोठा गुण मानला जातो. मला बघायला मंडळी नागपूरहून पुण्याला आली, तेव्हा सासूबाईंनी मला फारसं काही विचारलं नाही. गप्पा चालू असताना मी रिकाम्या बशा उचलल्या, विसळून पालथ्या घातल्या, टीपॉय पुसला आणि परत येऊन बसले. परतीच्या गाडीत त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, की मुलीला उरक आहे. लग्न ठरलं. त्या एका शब्दाला मी पुढे आयुष्यभर जागले. अमेरिकेत आल्यावर चँडलरच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातली नोकरी, घर, मुलीच्या शाळा, मंडळाच्या गणपतीतली मोदकांची जबाबदारी, जे समोर आलं ते हातावेगळं केल्याशिवाय मला चैन पडलं नाही. ओट्यावर घासायचं भांडं दिसलं की अजूनही माझे हात शिवशिवतात. पन्नाशी गाठल्यावर ह्याच गुणापायी मी मुठीत मावणाऱ्या एका यंत्रापुढे रडकुंडीला येईन, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ते यंत्र काय, ते आधी सांगते. आजकालचं चाकांचं धनुष्य, ज्याला इथे कंपाऊंड म्हणतात, त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. दोरीवर एक छोटा फास बांधलेला असतो. हातातल्या यंत्राचा आकडा त्या फासात अडकवायचा, दोरी गालापर्यंत ओढायची, नेम धरायचा आणि मग त्या यंत्राने आकडा सोडायचा. त्याला रिलीज म्हणतात. बाकी धनुष्य कसं दिमाखदार असतं, बाणांना रंगीत पिसं असतात, आणि निकाल लावते ती ही किरकोळ दिसणारी वस्तू.

हा नाद मला लावला माझ्या मैत्रिणीने. ती आमच्याच कारखान्यात होती, माझ्याहून बरीच मोठी, इथल्याच वाळवंटात वाढलेली. ती आणि तिचा नवरा दर जानेवारीला गावाबाहेरच्या डोंगराखाली, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला बसत. नवरा गेल्यावर ती एकटी बसायला लागली. निवृत्त झाली त्या वर्षी तिला सोबत हवी होती की मला काहीतरी करमणूक हवी होती, आता आठवत नाही. एका रविवारी ती मला कौंटी पार्कातल्या रेंजवर, म्हणजे धनुष्यबाणाच्या सरावाच्या मैदानावर, घेऊन गेली, स्वतःचं जुनं धनुष्य माझ्या हातात दिलं आणि पहिलाच बाण गवताच्या गठ्ठ्यात जाऊन रुतला. त्या आवाजाची मला चटक लागली.

सुरुवातीची दोन वर्षं फार छान गेली. मनगटाला पट्टा, तर्जनीने दाबायचा चाप, असा साधा रिलीज मी वापरत होते. तीही आयुष्यभर तसलाच वापरत आली होती. मी झटपट शिकले, अर्थातच. रेंजवरचे दाढीवाले आजोबा माझं कौतुक करायचे. मी शिकारीचा परवाना काढला. घरी नवऱ्याने खांदे उडवले, मंडळातले लोक म्हणाले, कधी करणार हरणाची बिर्याणी, आणि नागपूरला फोनवर सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, की त्या मटणाला वास कसा असतो गं. त्यांच्या माहेरी रस्सा हा रविवारचा नेमधर्म होता, त्यामुळे त्यांच्याकडून विरोध होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग मला तो रोग झाला. टार्गेट पॅनिक म्हणतात त्याला, आणि रेंजवर तो शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारतात. रोग असा, की धनुष्यावरच्या काचेतला नेमाचा हिरवा ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्या गोलाजवळ आला, अजून नीट पोचलाही नाही, तोच बोट चाप दाबून मोकळं होतं. मी थांब म्हणत असते आणि बोट ऐकत नाही. ठिपका पिवळ्याखाली आहे, बोट सुटतं. ठिपका डावीकडून येतोय, बोट सुटतं. बाण जातो निळ्यात, काळ्यात, कधी गठ्ठ्याच्या बाहेर धुळीत. मी कारखान्यात पन्नास माणसांसमोर उभी राहून यंत्रं का बिघडतात ते समजावून सांगते, आणि माझं स्वतःचं बोट मला आवरत नव्हतं. इतका संताप मला ना नवऱ्याने कधी आणला, ना व्हिसाच्या ऑफिसने.

संतापाच्या भरात माणूस खरेदी करतो. रेंजवर ज्याला त्याला विचारलं, आणि ज्याला त्याला ठाम मत होतं. एक म्हणाला, तर्जनी हेच मूळ आहे, अंगठ्याच्या बटणाचा घे. मी घेतला. पितळेचा, जड, हातात धरला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लावणारा. आठवडाभर बाण मधोमध गेले आणि मी घरी सगळ्यांना सांगत सुटले. त्यानंतर अंगठा तर्जनीकडून शिकला. दुसरा म्हणाला, बटण हलकं आहे, घट्ट स्प्रिंगचा घे. तो घेतला, तर बटण दाबायला मी सगळा हातच झटकायला लागले. तिसऱ्याने सांगितलं, चार बोटांत धरायचा हवा, तीन नव्हे. कोणी म्हणालं तीनच हवीत. दुकानातला माणूस बिचारा मऊ आवाजात प्रत्येक वेळी विचारायचा, आधीच्यात काय त्रास झाला, आणि मी सांगायचे की तो बरोबर नाही. नवऱ्याने घरच्या सोफ्यावरून फोनमधले रिव्ह्यू वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या मैत्रिणीने ह्या सगळ्यात एक अक्षर काढलं नाही. ती बाकावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायची आणि बघायची. तिला स्वतःला तेव्हा धनुष्य ओढता येत नव्हतं. उजव्या खांद्यातली शीर का काय ती फाटली होती, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की धनुष्य विसरा. केस विंचरतानाही ती मान खाली घालून कंगव्यापर्यंत डोकं न्यायची. मग एक दिवस ऑगस्टच्या त्या भट्टीसारख्या सकाळी तिने मला सांगितलं, की तिने घर विकायला काढलंय, जानेवारी संपला की ती मिनेसोटाला मुलीकडे कायमची राहायला जाणार आहे. आणि जाण्याआधी तिला एकदा त्या ओढ्याकाठी बसायचंय. बाण मी मारायचा, ती शेजारी बसेल.

"पण तुझा बाण लवकर सुटत असेल तर आपण जाणार नाही," ती म्हणाली. "उशिरा सुटला तर काही बिघडत नाही, हरिण निघून जातं. लवकर सुटला तर भलतीकडे लागतो आणि ते झुडपात जाऊन दोन दिवस मरत पडतं. ते बघून मला इथून जायचं नाही."

मी हो म्हटलं. त्या क्षणापासून माझं आणि त्या यंत्राचं भांडण माझ्या एकटीचं राहिलं नाही. तिचा शेवटचा जानेवारी माझ्या अंगठ्यावर येऊन बसला, आणि मला इतकं चिडल्यासारखं झालं की घरी जाताना मी दोनदा चुकीच्या एक्झिटला उतरले.

मग तिनेच पहिल्यांदा दुकानात येऊन माझ्यासाठी रिलीज निवडला. त्याला हिंज म्हणतात. त्याला चाप नाही, बटण नाही. दोरी ओढून धरायची, नेम लावायचा आणि पाठीचे स्नायू आवळत राहायचे. मूठ कणाकणाने वळत जाते, आत एक अर्धचंद्राचा तुकडा फिरतो, आणि त्याच्या कडेवरून आकडा केव्हातरी निसटतो. केव्हा, ते तुम्हाला कळता कामा नये. दुकानदाराने सौम्यपणे सुचवलं की शिकारीला लोक सहसा हा नेत नाहीत, जनावर तुमच्यासाठी थांबून राहत नाही. तिने त्याच्याकडे फक्त बघितलं. मी ते चकचकीत यंत्र हातात फिरवून बघितलं. माझ्यासारख्या बाईच्या हातात तिने अशी वस्तू दिली होती जिच्यात उरकण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं.

पहिले काही आठवडे म्हणजे शिक्षा होती. दोरी ओढून उभी आहे, हात थरथरतोय, ठिपका सगळ्या गठ्ठ्यावर भटकतोय आणि हिंज काही सुटत नाही. शेजारच्या लेनमधला माणूस तोवर बाण मारून, काढून, परत येऊन उभा. मी मनात शिव्या देत होते, आणि शिव्या देताना मूठ आवळली जाते, आणि मूठ आवळली की तो मुळीच सुटत नाही. पण सप्टेंबरच्या शेवटी केव्हातरी एकदा, माझं लक्ष नसताना, बाण गेला. मी दचकले. बाण मधोमध होता. त्यानंतर अधूनमधून असं व्हायला लागलं. मला वाटलं, सुटले बाई.

त्याच सुमाराला सासूबाई नागपूरहून आल्या, सहा महिन्यांसाठी. त्यांना ह्या सगळ्याचं फार अप्रूप होतं. मी रेंजवरून आले की त्या दारातच विचारायच्या, किती लागले. खंडेनवमीच्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. भाजीची सुरी, नवऱ्याचा ड्रिल, लॅपटॉप, पोळपाट-लाटणं, आणि मधोमध माझं धनुष्य, त्याच्यापुढे माझे सगळे रिलीज ओळीने. सगळ्यांना ओली हळद, ओलं कुंकू, अक्षता. यार, किती क्यूट, असं मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. मलाही बरं वाटलं. पुण्याला आमच्याकडे ही पूजा असायची, पण इकडे आल्यापासून मी ती कधी केली नव्हती. मी नमस्कार केला, दोन दिवसांनी वरवर सगळं पुसलं आणि हिंज खिशात टाकून रेंजवर गेले.

त्या दिवसापासून हिंज सुटेना. आधी उशीर लावायचा तो आता हट्टालाच पेटला. मी पाठ आवळते, खांदे आवळते, दात आवळते, काही नाही. माझी खात्री पटली की बिघाड माझ्यातच आहे, रोग पाठीत उतरला. आता पाठीलाही घाई झाली असणार आणि म्हणून मी नकळत उलटी अडवत असणार, वगैरे मी भलभलते सिद्धांत रचले. मैत्रीण म्हणाली, घाई करू नकोस. तो सल्ला ऐकून मला तिच्या थर्मासवर बाण मारावासा वाटला. शेवटी मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. हिंजला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की आकडा लवकर सुटतो. मी तो फिरवला. थोडं बरं झालं. अजून फिरवला. मैत्रिणीला सांगितलं नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मी दोरी ओढायला लागले, ती अर्ध्यातही आली नव्हती, तोच आत काहीतरी कडक होतं ते मोडलं, आकडा सुटला आणि माझी स्वतःची मूठ माझ्या तोंडावर बसली. बाण कुठे गेला देव जाणे. ओठ फुटला, दात हलला की काय असं वाटलं, डोळ्यांपुढे काजवे. रेंजवर सगळे धावत आले. मैत्रिणीने मला बाकावर बसवलं, थर्मासच्या झाकणात बर्फ आणून दिला आणि मग माझ्या हातातला हिंज घेऊन बारीक पान्याने उघडला.

आत लाल आणि पिवळं काहीतरी साठलेलं होतं. ती म्हणाली, गंज आहे, नव्या वस्तूला इतका गंज, दुकानात जाऊन ओरडायला पाहिजे. मी ते बोटावर घेतलं, वास घेतला. हळद. ओल्या हळदीकुंकवाचा लेप त्या अर्धचंद्राभोवती सुकून सिमेंटसारखा बसला होता. तो अडवत होता तोवर मी स्क्रू फिरवत गेले, आणि एका सकाळी लेप तडकला. मी हसायला लागले तर ओठ दुखला, म्हणून रडायला लागले. मैत्रिणीला पूजा काय ते समजावून सांगताना मला पाच मिनिटं लागली. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. हत्याराची पूजा करायची ही चांगली गोष्ट आहे, ती म्हणाली, पुढच्या वेळी सुटं करून करा.

घरी मात्र माझा ताबा सुटला. सुजलेल्या ओठाने मी सासूबाईंवर ओरडले. दर ठिकाणी कुंकू लावायलाच पाहिजे का, मशीन आहे ती, देव नाही, माझा दात पडला असता. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हत्यार आहे ते. त्याने कोणाचा जीव जाणार. त्याला नाही लावायचं तर कशाला लावायचं?" आणि बर्फाची पिशवी माझ्या हातात देत, "तू काहून एवढी घाई करून राहिली? कोण पळून चाललंय?"

माझ्या उरकावर लग्न ठरवणारी बाई मला हे सांगत होती. मला दोघींचाही राग येत होता, आणि खरं म्हणजे त्याहून जास्त ह्याचा, की मला आता दोष द्यायला वस्तू उरली नव्हती. हिंज घासूनपुसून स्वच्छ झाला, स्क्रू परत मूळ जागी आला, आणि मी पहिल्याच बाणाला पुन्हा मूठ झटकली. भीती होती आता वर. दोरी ओढताना ओठ आपोआप आत जायचा.

तेव्हा मैत्रिणीने शेवटचा उपाय काढला, आणि तो मला सगळ्यात जास्त झोंबला. रोज एकच बाण. रेंजवर यायचं, धनुष्य काढायचं, हातपाय मोकळे न करता, सराव न करता, एक बाण मारायचा आणि घरी जायचं. लागो न लागो. तिचं म्हणणं असं, की ओढ्याकाठी तुला सरावाचे बाण मिळणार नाहीत, तिथे फक्त पहिला असतो. मी डिसेंबरभर कामावरून सुटल्यावर ट्रॅफिकमधून तासभर गाडी हाकत तिथे जायचे, एक बाण मारायचे आणि तासभर परत यायचे. चुकला की दुसरा मारावासा वाटे तो दाबून धरायचा. लागला की आणखी एक मारून खात्री करावीशी वाटे तीही दाबून धरायची. मी गाडीत एकटी मोठ्याने भांडायचे. आयुष्यात इतकं अर्धवट टाकून मी कधी कुठून उठले नव्हते. घरी आले की सासूबाई विचारायच्या, लागला? आणि मी हो किंवा नाही म्हणून सरळ भांडी घासायला लागायचे.

आणि तरीही, लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिते, त्याचा गुण आला. हळूहळू एका बाणात मजा यायला लागली असं मी म्हणणार नाही, मजा मुळीच नव्हती. पण घाई करून मिळण्यासारखं पुढे काही नसल्यामुळे बोटांनी नाद सोडला. ठिपका पिवळ्यावर जाऊन बसायला लागला आणि बसून राहायला लागला. मैत्रिणीने एक कागदी ताट गठ्ठ्यावर टाचणीने लावलं, आमच्या मंडळाच्या जेवणात असतं तसलं. सलग दोन आठवडे माझा रोजचा बाण त्या ताटात गेला. तिने ताट काढून घेतलं आणि म्हणाली की जाऊ.

जानेवारीच्या अखेरीला गेलो. तिचं सामान तोवर ट्रकमधून पुढे गेलं होतं, ती स्लीपिंग बॅगवर रिकाम्या घरात झोपत होती. सासूबाईंनी आदल्या दिवशी कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवलं होतं. इतकं मोठं पातेलं काढलेलं बघून मी त्यांना म्हटलं, आई, काही मिळालं नाही तर? त्या म्हणाल्या, तर चिकन आहे की फ्रीजरमध्ये.

ओढ्याच्या काठावर एका वाकड्या, हिरव्या खोडाच्या काटेरी पालो व्हर्दे झाडाखाली ती जागा होती. वाळू, थंडी, समोर उघडा उतार. दोघी शेजारी बसलो, मी डावीकडे, ती उजवीकडे थोडी मागे. पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी माद्या आल्या, आणि तिथे मादी मारायला परवानगी नाही. तिसरा दिवस हा तिचा शेवटचा होता, लगेच पुढच्या सकाळी तिचं विमान होतं. तिने जागेवर बसायच्या आधी झाडाच्या बुंध्याला हात लावलेला मी बघितला.

ऊन उतारावर अर्धं आलं असेल तेव्हा तो आला. मोठे कान, मान जाड झालेला नर, ओढ्यातून वर चढत, आमच्याकडे न बघता. इतक्या जवळ की त्याच्या नाकपुडीची वाफ दिसत होती. त्याचं डोकं एका निवडुंगामागे गेलं तेव्हा मी दोरी ओढली. डोक्यात एकही आवाज नव्हता. हिंज गालापाशी आला, ठिपका त्याच्या खांद्यामागे जाऊन बसला आणि हलला नाही. माझा विश्वास बसेना. वर्षभर जो ठिपका माझ्या डोळ्यांसमोर वेड्यासारखा धावत होता तो तिथे शांतपणे बसला होता. नर उभा राहिला. पूर्ण आडवा, समोर. मी पाठ आवळत गेले, जसं शिकवलं होतं तसं, काही न ठरवता, वाट बघत. हिंज वळत होता. मला जाणवत होतं की तो वळतोय. अजून थोडं. अजून थोडं. नराने पाय उचलला, दोन पावलं टाकली आणि झाडीमागे गेला.

तो परत दिसला नाही. मी बराच वेळ तशीच होते, मग दोरी हळूहळू पुढे जाऊ दिली. मी रोग जिंकला होता आणि हरिण निघून गेलं होतं. चापाचा साधा रिलीज असता तर ते आता तिथे पडलेलं असतं, आणि ठिपका जसा बसला होता तसा, ते झटक्यात पडलं असतं. मला वाटलं, ती आता पाठीवर हात ठेवेल, म्हणेल की हेच बरोबर, उशीर झाला तर काही बिघडत नाही. मी त्या शब्दांची वाट बघत होते.

"मी असते तर सोडला असता," ती म्हणाली.

अगदी हळू, समोर बघत. मला तिचा असा राग आला की कान गरम झाले. जिने मला इतके महिने थांबायला शिकवलं, एकेका बाणावर घरी पाठवलं, दुकानदाराचं बोलणं हाणून पाडून ती वस्तू माझ्या हातात कोंबली, ती आता हे म्हणत होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते बोलायला मी तिच्याकडे वळले.

तिचा उजवा हात वर होता. मूठ हनुवटीपाशी, कोपर मागे, तो खांदा जाईल तितका आणि त्याच्याही पलीकडे. माझ्याबरोबर तिनेही रिकाम्या हाताने ओढलं होतं. तर्जनी चाप दाबल्यासारखी आत मुडपलेली होती. तो हात आता तिला खाली आणता येत नव्हता, ती तशीच बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी धनुष्य वाळूत ठेवलं, दोन्ही हातांनी तिचं कोपर खालून धरलं आणि तो हात थोडा थोडा खाली आणत तिच्या मांडीवर ठेवला. तर्जनी तिची तिला उघडता येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.